दाबके मास्तरांचा बिकॉज

परवा माझ्या गिरणीवर भात घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने बंद दार पाहून मला विचारलं, "ताई, आज गिरन बंद? बिकॉज?"

हा माणूस खालापूरच्याही पलीकडचा. इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नाही. हा शब्द इंग्रजी आहे हेही त्याला ठाऊक नसावं. त्याचा मामा कर्जतचा, त्याच्या तोंडून त्याने तो उचललेला.

"पट्टा तुटलाय," मी म्हटलं.

पट्टा खरोखर तुटला होता. नसता तुटला तर मला तसं सांगता आलं नसतं. बिकॉज म्हणून कोणी विचारलं की खोटं उत्तर घशातच अडकतं. आमच्या वयाच्या कर्जतच्या सगळ्याच बायकांना हे दुखणं आहे, आणि ते आम्हाला दाबके मास्तरांनी लावलं.

मास्तर पुण्याहून कर्जतला आले तेव्हा मी स्टेशनाला लागूनच्या भिसेगावात राहणारी परकरी पोर होते. पहिलं मोठं युद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. ठेंगणी मूर्ती, गळ्यापर्यंत बंद काळा कोट, डोक्याला रुमाल आणि हातात बारमाही छत्री. छत्री कधी उघडत नसत. उन्हात नाही, पावसातही नाही. पावसात कोट भिजवत चालत आणि छत्री मिटलेलीच. कोणी विचारलंच तर न लाजता सांगत, "बिकॉज कुत्री."

कुत्र्यांना ते फार भीत. स्टेशनापासून शाळेपर्यंतच्या प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव त्यांना पाठ होता. दुसरा कोणी असता तर उन्हाचं, पावसाचं, प्रतिष्ठेचं काहीतरी सांगितलं असतं. मास्तरांना ते जमत नसे, आणि दुसऱ्यालाही ते जमू देत नसत.

शाळेत ते मुलग्यांना इंग्रजी शिकवत. मुलींना इंग्रजी शिकवावं ही कल्पना त्यांची नव्हे. झालं असं की शाळेच्या कमिटीत बोलता बोलता कोणी म्हणालं, मुलींना काही इंग्रजी शिकवायचं नाही. मास्तरांनी विचारलं, "बिकॉज?" एकाने सांगितलं, मुलींचं डोकं दुखतं. मास्तर म्हणाले, कोणत्या मुलीचं दुखलं? दुसऱ्याने सांगितलं, जागा नाही. मास्तर म्हणाले, मारुतीच्या देवळामागची पडवी दुपारभर रिकामी असते, तिथे फक्त एक कुत्रं असतं. तिसऱ्याला बहुधा घरी जेवायला जायचं होतं. तो म्हणाला, "शिकवा बुवा, काय हवं ते शिकवा." अशी आमच्या इंग्रजीची सुरुवात झाली. खरं कारण कोणापाशीच निघालं नाही, एवढ्यावरच.

त्या पडवीत आम्ही चारपाच जणी बसायचो. मी, माझी मैत्रीण यमू, शेजारची काशी, आणि अधूनमधून येणाऱ्या आणखी एकदोघी. मास्तरांची पद्धत अशी की एक शब्द घ्यायचा आणि तो जिरेपर्यंत सोडायचा नाही. बिकॉज हा शब्द त्यांनी आम्हाला इतके दिवस पुरवला की लोक त्यांना बिकॉज मास्तर म्हणू लागले.

वाक्य तपासण्याचा त्यांचा कायदा जगावेगळा होता. स्पेलिंग चुकलं तर खाली रेघ मारत, पण मार्क कापत नसत. वाक्य खरं असेल तर पुरा मार्क. अपुरं असेल तर अर्धा. आणि खोटं असेल, तर ते कितीही शुद्ध असो, शून्य.

पहिल्याच दिवशी मी पाटीवर लिहिलं, मी आनंदी आहे, बिकॉज मी शाळेत येते. एकही चूक नव्हती. मास्तरांनी पाटी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि भलंमोठं शून्य काढलं.

"कालच खांबाआड बसून रडत होतीस."

"ते निराळं, मास्तर. मला यमूने चिमटा काढला होता."

"मग ते लिही. मी रडले बिकॉज यमूने चिमटा काढला. त्याला मार्क देतो."

यमू म्हणाली, "आणि मी चिमटा काढला बिकॉज ती माझ्या पाटीवर थुंकली."

"उत्तम," मास्तर म्हणाले. "दोघींना पुरे मार्क."

मराठीत 'कारण' हा चांगला घसघशीत शब्द असताना इंग्रजीचा हा खटाटोप कशाला, असं माझ्या वडिलांनी त्यांना एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, "मराठीत कारणं सांगायला पोरी आईच्या मांडीवरच शिकतात. अंगाला लागतं म्हणून विटीदांडू नको, दृष्ट लागते म्हणून अंगणात नको. इंग्रजीत अजून त्यांना खोटं बोलता येत नाही. तोवर दोनचार वाक्यं खरी लिहून होतील."

वडील घरी येऊन आईला म्हणाले, "माणूस हुशार आहे, पण लांबूनच बरा."

त्याचा प्रत्यय गावाला लवकरच आला. यमूची आई आणि काकू एका स्वयंपाकघरात राहून कित्येक महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. गावाला वाटायचं, शेताच्या वाटणीचं काही असेल. यमूने वाक्य लिहिलं, आई आणि काकू बोलत नाहीत, बिकॉज काकूने आईच्या माहेरची परात मोलकरणीला वापरायला दिली. मास्तरांनी पुरा मार्क दिला. यमू अभिमानाने पाटी उचलून वाटभर सगळ्यांना दाखवत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील पडवीत येऊन उभे राहिले. रागाने त्यांचा चेहरा तांबडा झाला होता.

"मास्तर, आमच्या घरातली परात तुम्ही चव्हाट्यावर आणलीत."

"वाक्य खोटं आहे का?"

"खोटं-खऱ्याचा प्रश्न नाही."

"माझ्याकडे तेवढाच आहे," मास्तर म्हणाले.

पण गंमत पुढेच झाली. भांडण नुसतं परातीचं निघालं म्हटल्यावर दोघी जावांना स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या बोलू लागल्या. बोलू लागल्या त्या मुख्यतः मास्तरांविषयी, आणि काही चांगलं नव्हे.

बाजारात मास्तर आले की भाजीवाल्या एकमेकींना खुणा करत. डोंगरातून रानभाजी घेऊन येणारी एक ठाकरीण होती, ती तर त्यांची वाटच पाहायची.

"आज शेवळं नाय गं?" मास्तर बोलायला जात तेही तिच्यासारखंच.

"नाय."

"बिकॉज?"

"बिकॉज आमीच खाल्ली!" ती खदखदून हसायची.

मास्तर मान डोलवून म्हणायचे, "बरोबर आहे," आणि टाकळा घेऊन जायचे. सबंध बाजारात आपल्याकडून पुरा मार्क मिळवणारी तीच एक विद्यार्थिनी आहे, असं ते आम्हाला सांगत.

मात्र एका ठिकाणी त्यांचा स्वतःचा बिकॉज अडला होता. पुण्यात मोठ्या शाळेतली चांगली नोकरी सोडून हा एकटा माणूस कर्जतला का आला, हे कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणे हेडमास्तरांशी मारामारी केली, कोणी म्हणे लग्न मोडलं, कोणी म्हणे छातीचं दुखणं आहे. यमूने एकदा धीर करून सरळ विचारलं. मास्तर उठले, फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'मी पुणे सोडलं बिकॉज', आणि खडू खाली ठेवला. आम्ही वाट पाहत राहिलो.

"पुढे?" यमू म्हणाली.

"पुढे नाही. खोटं लिहिण्यापेक्षा अपुरं बरं."

"मग अर्धाच मार्क," यमू म्हणाली.

मास्तरांनी तिला वाकून नमस्कार केला आणि फळा पुसला. पुन्हा हा प्रश्न आम्ही काढला नाही. अर्ध्या मार्काच्या माणसाला किती छळायचं?

आता काशीविषयी सांगते, कारण मास्तर म्हटलं की मला काशीचं घर आठवतं.

काशीचे वडील महादूकाका रेल्वेत होते. पुण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी आमच्याकडे थांबते. ती आमच्या मोठेपणामुळे नव्हे. पुढे घाट आहे आणि गाडीला तो एकटीने चढवत नाही, म्हणून मागून ढकलायला आणखी इंजिन जोडावं लागतं. ते जोडण्याच्या कामावर महादूकाका होते. शेवटच्या डब्यामागे वाकून उभं राहायचं, इंजिन मागे येतं, टक्कर होते, आणि त्या क्षणाला साखळी अडकवायची. काळेकभिन्न, मोजकं बोलणारे. काशी लहान असतानाच तिची आई गेली. पुन्हा लग्न त्यांनी केलं नाही. काशीच घर चालवायची. आमच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी, हाताला झपाझप उरक, आणि तोंडाने फटकळ.

त्या वर्षी गावात देवी टोचायला एक डॉक्टरीणबाई आल्या. शाळेत पोरांचा आणि आयांचा एकच आकांत चालला होता. काशी पाणी भरून तिथून जात होती. घागर खाली ठेवून ती आत शिरली आणि एकेक पोर उचलून असं काखेत घट्ट धरलं, की टोचून झालं तरी त्याला रडायचं सुचेना. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "नर्सचं काम शिकशील? पुण्याला आमच्या इस्पितळात मुली घेतात. राहायची सोय आहे. थोडं इंग्रजी मात्र वाचता आलं पाहिजे."

काशी म्हणाली, "येतं."

बाईंनी जवळच्या बाटलीवरचा कागद वाचायला दिला. काशीने अडखळत वाचला. बाई म्हणाल्या, दिवाळीनंतर ये.

महादूकाकांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "नाय जायचं." काशीने दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी ती पडवीत आली आणि तिने पाटीवर लिहिलं, मी पुण्याला जाणार नाही बिकॉज. पुढे काही नाही.

"अपुरं आहे," मास्तर म्हणाले.

"बापाला इचारा. पुरं करायचं त्याच्या हातात हाय."

मास्तरांनी छत्री उचलली.

आमचं आणि काशीचं घर भिंतीला भिंत लागून. मी आमच्या ओटीवर तांदूळ निवडत बसले होते, त्यामुळे त्यांच्या ओटीवरचं सगळं पाहिलं आणि ऐकलं. मुद्दाम नव्हे, पण उठूनही गेले नाही. महादूकाका पाळीवरून नुकतेच आले होते.

"बसा मास्तर. च्या घेनार का आमच्याकडची?"

"घेतो."

हे ऐकून माझ्या हातातलं सूप थांबलं. त्या काळी ब्राह्मण मास्तराने महादूकाकांच्या घरचा चहा पिणं ही साधी गोष्ट नव्हती. काशीने चहा ठेवला आणि ती परड्यातल्या विहिरीवर पाण्याला गेली. मास्तरांनी पहिला घोट घेतला आणि विचारलं, "काशीने पुण्याला जायचं नाही. बिकॉज?"

"लोकं नावं ठेवतील."

"कोणते लोक? आपण दोघं जाऊन विचारू."

महादूकाकांनी मुंडासं काढून बाजूला ठेवलं. "पोर नाजूक हाय. हवा मानवायची नाय."

नेमकी त्याच वेळी काशी डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर घागर घेऊन परड्यातून आली, आणि तिने पायाने दार ढकललं. मास्तरांनी दाराकडे नुसतं पाहिलं. महादूकाकांनीही पाहिलं.

"तिचं लगीन करायचं हाय. शेलूचं स्थळ आलंय."

"मुलाचं नाव?"

महादूकाकांना नाव आठवेना.

"गेल्या वर्षी नेरळचं स्थळ आलं होतं, त्याला तुम्हीच परत पाठवलंत," मास्तर म्हणाले. "महादबा, ही तीन वाक्यं झाली आणि तिन्हींना शून्य. मी काही तुमच्याशी वाद घालायला आलेलो नाही. खरं असेल ते सांगा, मी उठून जातो."

स्टेशनात इंजिन शिटी देत होतं. मग महादूकाका म्हणाले,

"मास्तर, पाळी सुटली का मी रुळाच्या कडंनं घरला येतो. वळनावरनं घर दिसतं. खिडकीत कंदील लावलेला असतो. तो दिसला का मी पाय उचलतो. ती गेली तर कंदील कोन लावील? मी अंधारात घरला याचं, नि माज्याच हातानं काडी वढायची? त्यासाठी नाय म्हनतो. बाकी सगळं खोटं."

मास्तर उठले. कप खाली ठेवून म्हणाले, "बरोबर आहे." आणि गेले. छत्री तिथेच राहिली. त्या दिवशी कुत्र्यांची त्यांना आठवणही झाली नाही, त्यावरून समजा.

दुसऱ्या दिवशी काशी पडवीत आली ती भांडायलाच.

"काय मास्तर, बरोबर हाय म्हनून उठून आलात? माजं नशीब बापानं सांगितलं नि तुमी मार्क देऊन मोकळे!"

"काशी, वाक्य खरं होतं."

"खरं होतं, पन त्याचं होतं. माजं कुटं इचारलंत?"

मास्तरांनी खडू पुढे केला.

"लिही."

आम्हा सगळ्यांना वाटलं, ती आईविषयी लिहिणार. तिची आई बाळंतपणात गेली होती. आई वाचली नाही, बिकॉज जवळ कोणी जाणतं नव्हतं, म्हणून मी शिकणार, असं काहीतरी. यमूने तर रडायच्या तयारीने पदर हातात घेतला होता. काशीने फळ्यावर मोठ्या वाकड्या अक्षरांत जे लिहिलं त्याचा अर्थ असा होता: मला पुण्याला जायचं आहे, बिकॉज मला कंदील लावायचा कंटाळा आला आहे.

यमूने पदर खाली सोडला. "अगं, असं लिहितात का?"

"खरं हाय," काशी म्हणाली. "रोज सांज झाली का काच पुसा, वात कापा, तेल घाला. सात वर्साची होते तवापासून. आईचं मला तोंडपन आठवत नाय, तिचं नाव घेऊन कशाला सांगू?"

मास्तरांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग त्याखाली मोठा गोल काढून पुरा मार्क दिला आणि भिंतीला टेकून बसले. समोर दोन वाक्यं होती. दोन्ही खरी, आणि एकाने दुसऱ्याला खोटं ठरवता येत नव्हतं. त्यांच्या कायद्यात याची तरतूद नव्हती.

त्या संध्याकाळी काशीने तेच वाक्य बापाला मराठीत सांगितलं. आमच्या भिंतीपलीकडे आरडाओरडा झाला नाही. महादूकाका जेवले, हात धुतले, बाहेर येऊन ओटीवर बसले. शेवटी म्हणाले, "सात वर्साची होतीस व्हय?" आणि आणखी थोड्या वेळाने, "जा. पन कंदिलाचं काय ते मला म्हाईत नाय."

कंदिलाचं मास्तरांनी केलं.

काशी जाण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते महादूकाकांच्या घरी आले आणि काशीला म्हणाले, "दाखव."

"काय?"

"कंदील."

काशीने त्यांना काच कशी काढायची, राखेने कशी पुसायची, वात सरळ कशी कापायची ते दाखवलं. मास्तर विद्वान असतील, पण हाताने अगदी गबाळे. पहिल्याच दिवशी वात तिरकी कापली, काच काळी केली आणि बोट भाजलं. काशी ओटीवर लोळून हसली. त्या दोघांच्या हशाचा आवाज ऐकून आई मला म्हणाली, "उद्या जायची पोर, नि हसतेय काय मेली!"

गाडी दुपारची होती. मी आणि मास्तर स्टेशनावर गेलो. महादूकाका त्या गाडीच्या वेळेला कामावर होते. तिला पोचवायला फलाटावर जा, आज दुसरा कोणी जोडील, असं त्यांच्या वरच्या माणसाने त्यांना सांगितलं होतं. ते नको म्हणाले. गाडीच्या शेपटाशी, डब्याआड, ते वाकून उभे होते. आम्हाला फक्त त्यांचं मुंडासं दिसत होतं. इंजिन मागे आलं, टक्कर झाली, साखळीचा खणखणाट झाला. काशी खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहत होती.

महादूकाका रुळातून वर आले, हात फडक्याला पुसले आणि तिच्या खिडकीशी न जाता आमच्यापाशी आले.

"दुसऱ्यानं का नाय जोडलं, इचारा की मास्तर. आज बिकॉज नाय?"

"आज नाही," मास्तर म्हणाले.

"दुसऱ्याचा जोड ढिला ऱ्हातो," महादूकाका म्हणाले, आणि मागचं इंजिन धूर सोडत आपल्या पोरीला घाटाकडे ढकलत निघालं ते पाहत उभे राहिले.

त्या दिवसापासून सांज झाली की मास्तर भिसेगावात येत, कंदील लावून खिडकीत ठेवत आणि महादूकाका येईपर्यंत ओटीवर बसत. गावाने तोंडं वाकडी केली. मास्तर ज्या मथुराकाकूंच्या खानावळीत जेवत, तिथे ही बातमी पोचली. मथुराकाकू म्हणाल्या, "मास्तर, आता तुम्ही पंगतीला बसू नका."

"बिकॉज?"

"शास्त्रात सांगितलंय."

"कोणत्या?"

मथुराकाकू व्यवहारी बाई होत्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "शास्त्र गेलं खड्ड्यात. तुम्ही बसलात तर बाकीचे उठतील, आणि मग माझी चूल कशावर चालेल?"

"हे बरोबर आहे," मास्तर म्हणाले. आपलं ताट स्वतः उचलून ते बाहेर ओटीवर जाऊन बसले आणि पुढे कायम तिथेच जेवले. मथुराकाकू त्यांना ओटीवर वरणात दोन चमचे तूप जास्त वाढत. का, ते त्यांना कोणी विचारलं नाही.

कंदिलाची कला मास्तरांना कधीच साधली नाही. पाळीवरून थकून आलेले महादूकाका दारातूनच ओरडत, "मास्तर, काच काळी केलीत! वळनावर मला वाटलं घराला आग लागली!" मास्तर म्हणत, "वात ओली होती." "वात नाय वली, तुमाला येत नाय. शून्य!" असं दोघांचं रोज चाले आणि आम्ही भिंतीआडून ऐकत असू. महादूकाका खरंखोटं तपासण्यात मास्तरांच्याही वरताण झाले होते.

पुढे माझं लग्न झालं आणि मी खालापूरला गेले. यमू मुंबईला गेली. काशी नर्स झाली. सुट्टीत यायची तेव्हा बापाचं आणि मास्तरांचं पथ्यपाणी बघायची, दोघांनाही सारखंच फटकारायची आणि परत जायची. घरात कंदिलाला मात्र तिने पुन्हा हात लावला नाही. "मी पाहुनी हाय," म्हणायची. यजमान गेल्यावर गिरणी माझ्या अंगावर आली. मग माहेरी जाणं वर्षातून एकदा, तेही कामासाठी.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका कामाच्या दिवशी. घाटात तोवर विजेची इंजिनं आली होती, स्टेशनातला धूर गेला होता. महादूकाका कामावरून निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. मी संध्याकाळी भिसेगावात गेले तर दोघं म्हातारे जिथल्या तिथे. महादूकाका आत खाटेवर पडलेले. मास्तर ओटीवर पाटावर बसून काच पुसत होते. कोट तोच असावा. छत्री भिंतीला टेकलेली, आणि तिच्या शेजारी एक कुत्रं निवांत झोपलेलं. मास्तरांनी त्याच्यापासून हातभर अंतर राखलं होतं.

मी जरा वेळ पाहिलं. मग म्हटलं, "मास्तर, महादूकाका आता दिवसभर घरीच असतात. वळणावरून कोणी येत नाही. मग तुम्ही रोज एवढ्या लांबून कंदील लावायला येता, बिकॉज?"

मास्तरांचा हात थांबला. आपलंच हत्यार असं आपल्यावर येईल याची त्यांना अपेक्षा नसावी. त्यांनी काच उजेडाकडे धरून पाहिली. "बिकॉज," ते म्हणाले आणि पुढे त्यांना काही सापडेना. मला फळ्यावरचं ते जुनं वाक्य आठवलं आणि मी मनात अर्धा मार्क देऊनही टाकला.

तेवढ्यात आतून खाटेवरून आवाज आला.

"मी पुरं करतो, सुमनबाय. बिकॉज मास्तरला दुसरीकडं कोन बसूच देत नाय!"

मी चमकून मास्तरांकडे पाहिलं. कर्जतात दुसऱ्या कोणी त्यांना असं तोंडावर सांगितलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. मास्तरांनी मान एका बाजूला कलती केली, जशी आमची पाटी हातात घेऊन करत, आणि ते वाक्य मनात एकदा वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पुरा मार्क."

"मग लावा आता," महादूकाका आतून म्हणाले. "नि वात सरळ कापा."

मला गाडी गाठायची होती. वळणापर्यंत गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. खिडकीत कंदील लागला होता, आणि काच काळीच होती.